निसटलेले पाते आणि दबा धरलेला हात

वाचन : अनुवाद १९:१-१३, गणना ३५:९-३४



दोन शेजारी लाकडे तोडावयास रानात जातात. एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि दुसऱ्याचा प्राण जातो. अन्यत्र एक मनुष्य मनात द्वेष बाळगून दबा धरतो व शेजाऱ्याला ठार करतो. परिणाम दोन्हीकडे एकच. परंतु नियमशास्त्राने या दोघांना एका मापाने मोजले नाही. पहिल्यासाठी ६ शरणपुरे नेमली गेली. दुसरा तेथे पळाला तरी त्याला तेथून परत आणण्याची आज्ञा होती.

हाच प्राचीन भेद आज आपल्या तरुणांना एका नव्या ठिकाणी करावा लागतो : इंटरनेटवरील सांघिक खेळांत.

२००९ साली निघालेला 'लीग ऑफ लेजंड्स' हा खेळ घ्या. त्यात ५ जणांचा संघ दुसऱ्या ५ जणांशी झुंजतो. सोबती बहुधा अनोळखी असतात. आपला गडी पडला की प्रतिपक्षाला सोने मिळते व त्याचे बळ वाढते. एक जण वारंवार पडू लागला की उरलेल्या चौघांचे श्रम मातीमोल होतात. मग क्रोध भडकतो आणि मुखातून शब्द निघतो, "हा मुद्दाम करतो आहे!" परंतु नवशिक्याचे १० मृत्यू आणि दगाबाजाचे १० मृत्यू गुणफलकावर सारखेच दिसतात.

मग ओळखावे कसे? नियमशास्त्र विचारते : पूर्वीचे वैर होते काय? दबा धरला होता काय? म्हणजे परिणामाबरोबर वाटचालही पाहावी. कच्चा खेळाडू माघार घेऊ पाहतो, पण उशिरा. सोने हाती आले की चिलखत घेतो, मग ते भलतेच का असेना. सोबत्यांच्या हाकेला जमेल तसा धावतो. दगाबाज मात्र शत्रूच्या बुरुजाखाली पुनःपुन्हा सरळ चालत जातो, घेतलेली शस्त्रे विकून टाकतो, आणि पुष्कळदा त्याआधी सोबत्याशी त्याचे भांडण झालेले असते. कधी दगा इतका झाकलेला असतो (थोडे उशिरा पोहोचणे, थोडे कमी लढणे) की एका डावावरून निर्णय करताच येत नाही.

म्हणूनच एका साक्षीवर कोणाला दोषी ठरवू नये आणि संतापलेल्याच्या हाती न्याय सोपवू नये, असे शास्त्र सांगते. 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' या खेळात २०१३ साली आलेली 'ओव्हरवॉच' व्यवस्था याच वळणाची होती. तक्रार झालेल्या गड्याच्या खेळाचे चित्रण अनुभवी खेळाडू तपासत. त्याचे नाव त्यांच्यापासून झाकलेले असे. स्वतःच्या संघाचा घात करणे हाही तेथे तपासाचा विषय होता, आणि संशयास जागा उरली तर 'पुरावा अपुरा' असा निर्णय देता येई.

या भेदात दोघांचे हित आहे. कच्च्याला दगाबाज म्हटले तर शिकण्याआधीच त्याचे मन मोडते. दगाबाजाला 'बिचारा' म्हणून सोडले तर चौघांवर अन्याय होतो. प्रीती म्हणजे भोळेपणा नव्हे. आणि "आता मीही खेळत नाही" असे म्हणून जो रागाने हात आखडता घेतो, तो दुसऱ्यावर केलेला आरोप स्वतःच खरा करून दाखवतो. कच्च्यावरही जबाबदारी आहेच : चुकून वध करणाऱ्यालाही घर सोडून मुख्य याजकाच्या मृत्यूपर्यंत शरणपुरात राहावे लागे. महत्त्वाच्या सामन्यापूर्वी सराव करणे हे सोबत्यांचे ऋण आहे.

तेव्हा, तरुण मित्रांनो, डाव चालू असता शिवी नको. मदतीचा एक शब्द द्या. संशय राहिलाच तर डाव संपल्यावर, चित्रण पुन्हा पाहून, शांत चित्ताने तक्रार करा.

पंफुल्यात योहान मार्क साथ सोडून परतला. पुढच्या प्रवासात पौलाने त्याला घेण्यास नकार दिला. बर्णबाने त्याला जवळ केले. तोच मार्क सेवेसाठी उपयोगी आहे, असे पुढे पौलानेच तीमथ्याला कळवले. साथ सोडणारा प्रत्येक जण घातकी नसतो. काहींना केवळ एखाद्या बर्णबाची गरज असते.

हे प्रभो, अंतःकरण पारखणारा तूच आहेस. आमचा क्रोध आवर, आणि न्याय करण्यापूर्वी नीट पाहण्याची बुद्धी आम्हांस दे. आमेन.