एवढं हलणारच

आमच्या सोलापूर भागात अजून कितीतरी घरांच्या पडवीत जुनी चेतक उभी दिसते. पुण्याजवळ आकुर्डीला १९७२ पासून ती निघायला लागली, राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. २०२० पासून तेच नाव विजेवरच्या गाडीला लागलंय, पण मी बोलतोय ती चार गिअरची, पेट्रोलात ऑइल घालून चालणारी. तशी एक माझ्याकडं आहे. बघायला येणारा नवखा माणूस हमखास एक खोड काढतो. गिअरमध्ये असताना मागचं चाक हातानं हलवतो आणि म्हणतो, "काका, गिअरबॉक्स गेली तुमची. चाक खुळखुळतंय."

मी म्हणतो, एवढं हलणारच.

या गाडीला चेन नाही. इंजिन मागच्या चाकाला लागूनच असतं आणि ताकद दातेरी चाकांतून थेट जाते. दात्याला दाता भिडतो तिथं बारीक फट ठेवावीच लागते. त्या फटीत ऑइल राहतं आणि लोखंड तापून फुगलं की त्याला जागा मिळते. गिअर बदलणारा क्रॉस आत सरकायचा, तर त्यालाही थोडी मोकळीक पाहिजे. अशा चार-पाच फटींची बेरीज टायरपाशी डोळ्यात भरते. मेकॅनिक त्याला प्ले म्हणतात. ही फट काढून टाकली तर गाडी मजबूत होत नाही, जाम होते. बैलगाडीचं चाकसुद्धा आखावर थोडं सैलच असतं, मधी वंगण असतं. रेल्वेच्या रुळांच्या सांध्यात फट ठेवायचे, ती आमच्यासारख्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यासाठीच.

मग बिघाड कशाला म्हणायचं? गाडी बंद करून मधल्या स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी राहील असा ठोकळा खाली द्या, पहिला गिअर टाका. चाक पुढं-मागं थोडं हलून अडकलं, तर ठीक. वर-खाली धरून आडवं हलवल्यावर डुगडुगलं, तर नट नाहीतर बेअरिंग बघा; तिथं चालढकल नको. कुठवर हलतंय तिथं खडूनं खूण करा आणि दोन-तीन महिन्यांनी परत बघा. फट वाढत असेल तर झीज चालू आहे. आणि शेवटची परीक्षा चढाला. तुळजापूरच्या घाटात, मागं माणूस बसलेला असताना, गिअर आपोआप सुटला आणि इंजिन नुसतंच ओरडलं, तर क्रॉसचे कोपरे झिजले असं समजा.

आता माणसांचं बघा. दोन भावांची सामाईक विहीर, मोटारीच्या पाळ्या ठरलेल्या, लाईट कधी दिवसा तर कधी रात्री. थोरल्याची मोटार अर्धा तास जास्त चालली, कारण कोपऱ्यातला वाफा भिजायचा राहिला होता. धाकटा बांधावर घड्याळ धरून उभा राहिला, तर ते घर जाम झालंच म्हणून समजा. 'चालतंय की' म्हणण्यात तिथं शहाणपण आहे. पण अर्ध्याचा पाऊण, पाऊणचा दीड तास व्हायला लागला, की खडूची खूण ओलांडली. विहीर तळाला गेली की एप्रिल-मेमध्ये ते कळतंच. तो त्यांचा घाट.

याहून महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती दुसरीच. चांगल्या गाडीचं चाक पुढंही हलतं आणि मागंही हलतं. धाकट्यालाही कधी अर्धा तास जास्त मिळतो, तोवर तो प्ले. ढिलाई कायम एकाच बाजूला जात असेल, तर तिला मोकळीक म्हणू नये. ते घेणं आहे.

खुरपणीच्या बायांचं बघा. बाई पंधरा मिनिटं उशिरा आली तर मालकाला दिसतं. संध्याकाळी "एवढी पात उरकून जा" म्हणताना गेलेला अर्धा तास दिसत नाही. या बाजारची मजुरी पुढच्या बाजारावर गेली तरी आपणच म्हणतो, "चालतंय की!" कुणाला चालतंय? ज्याच्या अंगावर ती ढिलाई पडते त्यानं म्हणायचा शब्द आपण त्याच्या तोंडून काढून घेतो. बाई गप्प बसते, पण ते तिला पटलंय म्हणून नव्हे. उद्याचा रोज पाहिजे म्हणून.

विहिरीवर दोघंही मालक, तिथं भांडून का होईना माप ठरतं. पातीवर तसं नाही. म्हणून तिथला हिशेब मालकानंच न मागता करायचा. आज अर्धा तास जास्त घेतला, तर उद्या अर्धा तास आधी सोडायचं. आणि मजुरी त्याच बाजारला द्यायची, बाईनं पिशवी घेऊन घराबाहेर पडायच्या आधी.