चोखोबांच्या घरातले सूर

शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी वाशीम जिल्ह्यातून मेडशी, शिरपूर, रिसोड अशी जाते. या वाटेला संत चोखोबा, म्हणजे चोखामेळा, परके नाहीत. त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणाराजा शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यात, देऊळगावराजा तालुक्यात आहे. चोखोबा एकटे गात नव्हते. स्वतः चोखोबा, पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा, अशा एकाच महार घरातल्या पाच जणांचे अभंग गाथेत आहेत. अशा घराबद्दल बोलताना ‘भक्ती रक्तातच होती’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण श्रद्धा रक्तातून येत असती, तर या पाच जणांनी एकच गोष्ट म्हटली असती. तसे झालेले नाही.

चोखोबा वेदनेने बोलतात, विठ्ठलाशी भांडतातही. तरी आपल्या जन्माचे कारण काही ठिकाणी पूर्वकर्मात शोधतात. सोयराबाई तिथे थांबत नाहीत. विटाळ देहातच असेल, तर त्यातून सुटलेला देह कोणाचा, असा त्यांचा रोख आहे. म्हणजे सोवळ्याचा आधारच त्या काढून घेतात. कर्ममेळा तर आणखी पुढे जातो. उष्टे खायला लावणारा हीन जन्म दिलास, याची तुला लाज कशी वाटत नाही, असे तो थेट देवालाच विचारतो. बापाचे समाधान मुलाने नाकारले. पण ज्याच्याशी भांडायचे तो विठ्ठल मात्र बापाचाच ठेवला. माझ्या मते, घरातून पुढच्या पिढीकडे गेला तो देवासमोर तोंड उघडण्याचा अधिकार. उत्तर ज्याचे त्याने शोधायचे.

कोणी म्हणेल, हे अभंग पुढे संकलित झाले. कोणता कोणाचा याची खात्री काय? शंका रास्त आहे. पण मग परंपरेने मुलाच्या तोंडी ही तक्रार का राहू दिली, हे सांगावे लागेल. गोडवाच हवा असता तर ती गाळणे सोपे होते. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. गाण्याने मंदिराचे दार उघडले का? नाही. चोखोबांचा मृत्यू परंपरेनुसार 1338 साली, मंगळवेढ्याला वेस कोसळून झाला. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले व्हायला 1947 साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. अभंगाला सुधारणेचे श्रेय देणे ही आपलीच सोय आहे. तरीही बाबासाहेब आंबेडकरांनी 1948 सालचा अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. पंढरीची वाट सोडून निघालेल्या माणसानेही या घराचे ऋण नाकारले नाही.

भजनात चोखोबा हमखास येतात, कर्ममेळा क्वचितच. या वर्षी रिसोडच्या मुक्कामी टाळ हाती घेणाऱ्यांनी बापाच्या अभंगानंतर मुलाचाही एक घ्यावा, आणि तो मवाळ करून गाऊ नये.