अनुमान आणि निर्णय

कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय आता केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. हैदराबादेस तर तो मुळीच परका नाही. येथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था १९९८ साली स्थापन झाली आणि तिला या शाखेतील कार्याबद्दल १९९४ चा ट्युरिंग पुरस्कार मिळविणाऱ्या डॉ. राज रेड्डी यांचे मार्गदर्शन लाभले.

न्यायदर्शनाने आपणांस धुरावरून अग्नीचे अनुमान करावयास शिकविले. यंत्रही तेच करते. असंख्य जुन्या नोंदींतून ते व्याप्ती शोधते आणि नव्या प्रसंगी अंदाज बांधते. कारखान्यातील यंत्राची कंपने मोजून कोणता भाग झिजत आला ते सांगते; बँकेस संशयास्पद व्यवहार दाखविते. ही सेवा मोलाची आहे. शंका खोटी ठरली, तर एखादा भाग वेळेआधी बदलला जातो, इतकेच. परंतु बाष्पास धूर समजणारे अनुमान माणसाच्या ताटाशी येऊन भिडले, तर?

तेलंगणात ‘समग्र वेदिका’ ही प्रणाली निरनिराळ्या खात्यांतील नोंदी जुळवून शिधापत्रिकेची पात्रता पडताळण्यासाठी वापरली गेली. दुसऱ्याची मोटार गरिबाच्या नावावर लागल्याचे उदाहरणही पुढे आले. अखेर २०१६ पासून रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला.

नावे जुळविणे किती अवघड, हे आपल्या घराण्यांना सांगावयास नको. जुने दस्तऐवज उर्दूत, नंतरचे इंग्रजीत, आजचे तेलुगूत. आडनाव कधी आधी, कधी शेवटी, कधी नुसते आद्याक्षर. एकच कुलकर्णी तीन दप्तरांत तीन माणसे होतो. पूर्वीचा कारकून माणूस ओळखून हा घोळ निस्तरीत असे. अर्थात तो चिरीमिरीही घेई आणि वशिलाही पाही. यंत्र लाच घेत नाही, हे मान्यच केले पाहिजे. मात्र जुन्या नोंदींतील पूर्वग्रह ते मुकाट्याने शिकते.

तेव्हा यंत्राने अनुमान जरूर करावे. निर्णयाला मात्र उत्तरदायी माणूस लागतो. कारकुनाशी निदान भांडता येत असे. ‘संगणकाने नाकारले’ या वाक्याशी कोणी भांडावे? नकाराच्या कागदावर कारण असावे, त्याखाली माणसाची सही असावी, आणि आपण खरेच गरीब आहोत हे सिद्ध करण्याचा भार उपाशी माणसावर पडू नये. एवढे सांभाळले, तरच या बुद्धिमत्तेला विवेकाची जोड मिळाली असे म्हणता येईल.