तेविसावं कुंपण

माझी निवड झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी आईने पेढे आणले, आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "मेहनतीचं चीज झालं हो." मी मान डोलावली. खरी गोष्ट अशी की यादीत माझं नाव दुसरं होतं. पहिलं माझ्या मित्राचं. कागदपत्रं तपासायच्या दिवशी तो टायफॉइडने अ‍ॅडमिट होता. मुदत गेली, आणि जागा माझ्याकडे आली.

पुढचे काही महिने मी फोनवर एक जुना कृष्णधवल व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होतो.

८ एप्रिल १९६७. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावर ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत चालू आहे. ४४ घोडे, ३० कुंपणं, सात किलोमीटरहून जास्त अंतर. तेविसावं कुंपण सगळ्यांत बुटक्या कुंपणांपैकी एक, तिथे काही होईल असं कुणाच्या मनातही नाही. पण पॉपहॅम डाउन नावाचा एक घोडा, ज्याचा स्वार पहिल्याच कुंपणाला पडला होता, मोकळाच पुढे धावतोय. तो कुंपणासमोर येतो आणि उडी मारायची सोडून आडवा वळतो. मागचे त्याच्यावर, त्यांच्या मागचे त्यांच्यावर. घोडे थबकतात, वळतात, स्वार पलीकडे फेकले जातात. क्षणात गणपती विसर्जनातल्या चौकासारखी कोंडी.

आणि बराच मागून फॉइनेव्हन येतो. भाव एकास शंभर. मालक मैदानावर नाही, ट्रेनरही नाही. आधी विचारलेल्या जॉकींनी नकार दिल्यावर हा घोडा जॉन बकिंगहॅमकडे आलेला. बकिंगहॅमने ही शर्यत याआधी कधी केलेली नाही. तो वेग कमी करतो, गर्दीत एक फट शोधतो, उडी मारतो. पलीकडे समोर कुणीच नाही.

आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. फांदी काही कावळ्याने मोडली नाही.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी नेमका हाच काटा उपसला. माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींवरून आपण त्याला बरा-वाईट ठरवतो, हे न्याय्य आहे का? दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर. एकाच्या गाडीसमोर मूल आलं, दुसऱ्याच्या आलं नाही. एकाला आपण खुनी म्हणतो, दुसरा घरी जाऊन जेवतो. या प्रश्नाला त्यांनी दिलेलं नाव 'मॉरल लक'. नैतिक नशीब म्हणा हवं तर. मला ते नाव जरा गुळगुळीत वाटतं.

बकिंगहॅमची गोष्ट मात्र फांदी तुटण्यावर संपत नाही. पंधराव्या वर्षी शाळा सोडून तो एडवर्ड कॉरेज यांच्या तबेल्यात लागला होता. तबेल्यातल्या पोराचं काम म्हणजे आपल्याकडच्या मोतद्दाराचंच: उजाडायच्या आत लीद काढा, पेंढा पसरा, दाणा-पाणी, खरारा, मग घोड्याला फिरवून आणा. त्या वर्षांमुळे त्याला फट दिसली का? कदाचित. पण तितकीच वर्षं लीद काढलेले इतर जॉकी त्याच ढिगाऱ्यात होते, आणि ते तिथे अडकले होते कारण ते पुढे होते. पुढे असणं हीच त्या दिवशी चूक ठरली.

तरी फट ओलांडल्यावर सात कुंपणं उरली होती. मागे जॉश गिफर्ड हनी एंडवर, सगळ्यांचा आवडता घोडा, पाठलागाला लागलेला. ती सात कुंपणं कुणी बकिंगहॅमला दान दिली नाहीत. पंधरा लांबींनी तो जिंकला.

मला स्वतःला समजवायला एवढं पुरलं असतं: फट नशिबाने, पुढचं आपलं. नोकरीतली माझी सात कुंपणं मी रोज ओलांडतोच आहे. पण मग मित्राच्या घरी गेलो. त्याचे बाबा त्याला म्हणत होते, "थोडा अजून जोर लावला असतास तर..." कशाला जोर? तापाला? तेव्हा लख्ख दिसलं की काकूंच्या वाक्याला मी मान डोलावली, तेव्हाच हे दुसरं वाक्यही मी मंजूर केलं होतं. माझ्या मेहनतीचं चीज झालं, तर त्याची मेहनत कमी पडली असणार. श्रेय फुकट मिळत नाही. त्याचं बिल कुणाच्या तरी नावावर फाटतं.

बकिंगहॅम १९७१ मध्ये रेसिंगमधून बाहेर पडला आणि जॉकींचा व्हॅले झाला. म्हणजे इतर जॉकींची खोगिरं साफ करणं, चिखलाने भरलेल्या ब्रीचेस धुणं, बूट चमकवणं, शर्यतीआधी प्रत्येकाचं सामान मांडून ठेवणं. जवळपास तीस वर्षं. १९८४ मध्ये त्या कुंपणाला अधिकृतपणे घोड्याचं नाव दिलं गेलं; कुंपणाचा जॉकी तोवर कपडे बदलायच्या खोलीत दुसऱ्यांचे बूट पुसत होता. त्यात त्याला कमीपणा वाटत असेल असं मला वाटत नाही. हा माझा अंदाज, आणि त्यात माझी सोयही आहे, हे मान्य.

मित्राने या वर्षी पुन्हा अर्ज भरलाय. परवा रात्री त्याने त्याचं निवेदन पाठवलं, "बघ जरा, इंग्रजी नीट आहे का." मी दोन वाजेपर्यंत बसलो. तिसऱ्या परिच्छेदात त्याने मागच्या वर्षीच्या आजारपणाबद्दल एक ओळ लिहून खोडली होती. मी ती परत टाकली.