पऱ्हाटीच्या फुलापाशी

भाद्रपदातली सकाळ. मराठवाड्यातल्या हदगावच्या शिवारात दव अजून वाळलेलं नाही. काळ्या मातीची ओल तळपायाला लागते आहे.

या. धुऱ्यावर बसा.

समोर पऱ्हाटी आहे, कापसाचं झाड. पातं, फूल, बोंड, तिन्ही एकाच झाडावर. आज फक्त फूल पाहू या. एकच फूल.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

फूल नुकतं उमललं आहे. सायीच्या रंगाचं. पाच पाकळ्या.

हात लावू नका, नुसती नजर फिरू द्या. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या अंगावर, दुसरी कड दुसरीच्या खाली. सगळ्यांत वर कोणी नाही. सगळ्यांत खाली कोणी नाही.

शेजारच्या मिटल्या कळीत हाच पीळ घट्ट आहे. तो पाहा. पाहत राहा.

फुलाखाली तीन हिरवी पानं. कडा झालरीसारख्या कातरलेल्या. त्यांच्या ओंजळीत फूल बसलं आहे.

आता मधोमध या.

इथे पुंकेसर सुटे नाहीत. त्यांचे देठ एकमेकांना जुळून एक नळी झाली आहे, आणि त्या नळीतून स्त्रीकेसर वर आला आहे. फुलाच्या मधोमध एक खांब. खांबाभोवती परागांच्या बारीक पिशव्या.

थांबा इथे.

आपल्याकडे दारात अनोळखी माणूस आला, की पाण्याचा तांब्या पुढे करत विचारतात, पाव्हणं, कोणत्या गावचे? कोणाचे? फुलालाही तसंच विचारा. मनातल्या मनात. मग गप्प राहा.

डोळे मिटा.

परसातली जास्वंद आठवा. फुलाबाहेर लांब आलेला तिचा खांब.

अंबाडी आठवा. पिवळं फूल, तळाशी गडद डोळा, आणि मधे खांब.

भेंडीचं फूल आठवा. भाजी रोज चिरतो, फूल क्वचितच पाहतो. तिथेही तोच डोळा, तोच खांब.

एक देवाला वाहतो. दोन ताटात येतात. एक अंगावर घालतो. वनस्पतिशास्त्रात या सगळ्यांचं घर एक आहे, भेंडीचं कुळ.

हे नातं बोटांनाही कळतं. भेंडी चिरताना येणारी तार आठवा. जास्वंदीचं पान पाण्यात चुरगळलं, की तोच बुळबुळीत स्पर्श.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता थोडं लांब जा. माघ-फाल्गुनातल्या काटेसावरीपाशी. पान एक नाही, फांद्यांवर जाड लाल फुलं. वाकून एका फुलात पाहा. पुंकेसर पुष्कळ आहेत, पण उंच खांब नाही. ते फक्त बुडाशी जुळले आहेत, जुडग्याजुडग्यांनी.

म्हणून सावरीचं कुळ बरीच वर्षं निराळं मानलं जाई. १९९८ साली वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने जनुकांतली साम्यं ताडून फुलझाडांची नवी मांडणी केली, आणि सावर भेंडीच्या घरात आली. त्याच वर्षी डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ प्रसिद्ध झाला. आपल्या मातीतली झाडं एकेक करून पाहणाऱ्या त्या नजरेविषयी मला फार माया वाटते.

सावरीलाही कापूस असतो. मात्र तो फळाच्या आतल्या भिंतीतून येतो. पऱ्हाटीचा कापूस सरकीच्या सालीवर उगवतो, आणि त्याचा प्रत्येक तंतू म्हणजे लांब वाढलेली एकच पेशी.

एकच पेशी. तुमच्या अंगावरचा सुती सदरा तिचाच आहे. बाहीवर हळूच बोट फिरवा.

डोळे उघडा. पुन्हा त्याच फुलाकडे या.

ऊन चढतं आहे. पानांवरचं दव गेलं. फूल तसंच उघडं आहे. कलत्या उन्हात सायीचा रंग गुलाबी होऊ लागेल. उद्या हेच फूल लालसर, मिटत आलेलं दिसेल.

आत्ता मात्र ते उघडं आहे.

ऐका. बारीक गुणगुण येते आहे. एक मधमाशी पाकळीच्या कडेवर टेकली. आत उतरली. खांबाला घासून बाहेर आली, तेव्हा तिच्या अंगावर फिकट कण आहेत.

ती पुढच्या फुलाकडे गेली. तुम्ही बसून राहा.