बहिणीच्या वाट्याचं दान

शंका : मी शहापूर तालुक्यातला. गळ्यात माळ आहे, आषाढी चुकवत नाही. आमची वडिलोपार्जित जमीन समृद्धी महामार्गात गेली. त्याआधी भाऊबीजेला आलेल्या बहिणीला कचेरीत नेऊन हक्कसोडपत्र करून घेतलं. ‘वारसनोंदीचं काम आहे’ एवढंच तिला सांगितलं. पैसे आले, तेव्हा गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला भरघोस देणगी दिली, तरी मनाला स्वस्थता नाही. आता सांगितलं तर तिचं माहेर तुटेल. गप्प राहिलो तर पाप आहे का?

समाधान : माऊली, आहे. दर भाऊबीजेला ती ओवाळते आणि तुम्ही पाटावर बसता, तेव्हा तेच खोटं तुम्ही नव्याने बोलता.

कागद नोंदलेला आहे, साक्षीदार आहेत, अशी मनाची समजूत घालू नका. फसवून घेतलेली संमती १८७२ चा करार कायदाही पक्की धरत नाही. मुलीचा हक्क ही भावाची मेहेरबानी नव्हे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. त्यासाठी वडील २००५ साली हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

आता देणगीचं. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे तुम्ही कीर्तनात किती वेळा ऐकलं असेल! त्याच कथेतली आधीची गोष्ट मात्र ऐकताना निसटते. धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या वाट्याची अर्धी खतं त्यांनी आधी त्याच्या हाती दिली आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची. एवढं वैराग्य आलेलं असतानाही भावाच्या पैशावर त्यांनी पुण्य केलं नाही. तुम्ही देवाला दिलं त्यात बहिणीचा पैसा होता. देणगी परत मागू नका, ती संपूर्ण तुमच्या हिश्श्यातून गेली असं धरा आणि तिचा वाटा पूर्ण काढा.

आधी घरात बायकोला सांगा. मग बहिणीच्या सासरी जा, हिशेबाचा कागद घेऊन : किती आले, तिचे किती होतात, आज किती देता, बाकीचे कधी. ‘हिची चूक नाही, मी खोटं बोललो’ हे तिच्या घरच्यांसमोर म्हणा. न वाचता सही करून आली म्हणून तिने तिथे बोल ऐकले असतील. ती रागावेल, कदाचित वर्षभर बोलणार नाही. तो तिचा अधिकार आहे. तरी जा.

शंका : मुरबाडजवळच्या म्हसाच्या यात्रेत बैल विकायचा आहे. भाताच्या चिखलणीला उत्तम, पण गाडीला जुंपला की बसकण मारतो. गिऱ्हाइकाने विचारलं नाही, तरी सांगावं का?

समाधान : सांगावं. पौषातल्या त्या गर्दीत घेणारा दात बघेल, चार पावलं चालवून पाहील. गाडीची खोड त्याला तिथे कळणार नाही, ती फक्त तुम्हाला ठाऊक आहे. रुमालाखाली बोटं धरण्याआधी सांगा. पैसे थोडे कमी येतील. नुसत्या शेतकामाला बैल शोधणारेही त्याच बाजारात येतात, त्यांना द्या.