फळी वाजते रे



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७.

ज्ञान कशाला म्हणायचं, हे सांगताना भगवंत इथून पाच श्लोकांत वीस लक्षणं मोजतात. गंमत बघा, तत्त्वज्ञानाचा शब्द अगदी शेवटी येतो. सुरुवात होते अमानित्वाने आणि लगेच दुसरं, अदंभित्व. म्हणजे जे आत नाही ते बाहेर दाखवायचं नाही. ज्ञानेश्वरीत माउलींनी या एकेका शब्दासाठी कितीतरी ओव्या दिल्यात. मला मात्र तो शब्द कळला एका सुतारामुळे.

आमचं जुनं घर शहाद्याला. माडी सागाची आणि रस्त्याच्या बाजूला लाकडी सज्जा. आप्पा रोज सकाळी तिथे बसून हरिपाठ म्हणतात. दोन वर्षं ते फोनवर सांगत होते, "फळी वाजते रे." मी पुण्याहून रंगाचे पैसे पाठवायचो. दर दिवाळीला नवा ऑइल पेंट, सज्जा चकाचक! ऑफिसात वॉर्निंग म्यूट करतो ना आपण, अगदी तसंच. मागच्या वेळी गेलो तेव्हा प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर दर्शन घेतलं, फोटो टाकला आणि माडीवर न चढताच परतीची बस धरली.

भाद्रपदात आप्पांचा पाय फळीतून आरपार गेला. नडगीला नऊ टाके.

मी धावत गेलो. मिस्तरींनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. हातोडीचा दांडा एकेका फळीवर वाजवत गेले. म्हणाले, "भाऊ, लाकूड बोलस, आपण आयकाले जोयजे." घट्ट फळी टणटण वाजायची, पोकळ फळी भद्द. एका ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर लोण्यात शिरावा तसा आत गेला. आत वाळवीची माती. फळी म्हणून उरला होता तो फक्त मी पाठवलेला रंग.

मला वाटलं, सगळंच पाडावं लागणार. ते म्हणाले, नाही. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, ती बाहेरचं पांढरं लाकूड खाते. पण आधी सांगा, ओल कुठून येते? पन्हाळ गळत होती. भिंत ओली राहायची आणि भिंतीत गेलेली कड्यांची टोकं कुजली होती. म्हणून आधी पन्हाळ दुरुस्त झाली, भिंत सुकू दिली, लाकडाला हात नंतर. अकरापैकी चार कड्या बदलल्या. चांगल्या जुन्या फळ्या रंधा मारून परत बसवल्या, पाणी निघून जावं म्हणून मध्ये फट ठेवून.

शेवटी मी विचारलं, रंग कोणता देऊ? ते म्हणाले, "रंग नको, तेल द्या. उद्या काही झालं तर दिसलं पाहिजे."

मित्रांनो, अदंभित्वाचा याहून सोपा अर्थ मी कुठे ऐकला नाही.

रोज सकाळी मी एक श्लोक लिहितो. आणि त्याच काळात आप्पांशी बोलायचो चार मिनिटं, तीही लॅपटॉपवर नजर ठेवून. भक्तीचा रंग ताजा होता, ओल आत मुरत होती. आप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. उलट म्हणाले, "माझ्यामुळे तुझी सुट्टी गेली." ते टाके मात्र मला पडले.

तरी एक दिलासा आहे. भगवंत आपल्याला पाडायला सांगत नाहीत. गाभा शाबूत असतो. कुजलेलं काढायचं, ओल थांबवायची आणि पुन्हा रंग फासायचा मोह टाळायचा.

परवा आप्पा नव्या सज्ज्यात बसले. थोड्या वेळाने हाक आली, "एक फळी अजून वाजते रे." या वेळी मी उठून ऐकायला गेलो.

आजचा संकल्प: घरच्या एका माणसाला विचारूया, काय वाजतंय? आणि उत्तर पूर्ण ऐकूया.

राम कृष्ण हरी.